पंधराचा वर्ग



गेल्या पावसाळ्यात देशपांडे नगरात आमच्या घरी गुरुवारची प्रार्थनासभा होती. हुबळीत मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच. रविवारी आम्ही कानडी उपासनेला जातो, कानडी गीते मनापासून गातो, आणि आठवड्यातून एकदा आईच्या भाषेत देवाशी बोलावे म्हणून कोणाच्या तरी घरी जमतो. त्या दिवशी साक्षींचा कार्यक्रम होता. एकाच्या मुलाला नोकरी लागली होती, एका घरी सोयरीक जुळली होती, एका वृद्ध बंधूंचे डोळ्याचे ऑपरेशन सुखरूप पार पडले होते. उपकारस्तुती झाली. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक भगिनी हळूच बोलल्या. त्यांचा कर्ता मुलगा दोन वर्षांपूर्वी आजारात गेला. त्याच्यासाठी आम्ही सर्वांनी अकरा महिने गुडघे टेकले होते. त्यांनी एवढेच विचारले, की ज्यांना मागितलेले मिळाले ते साक्ष देतात. ज्यांना मिळाले नाही त्यांनी काय द्यावे?

खोलीत कोणी बोलेना. आम्ही काही दीक्षित पाळक नव्हे. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेले, नोकरी सांभाळून उपदेश करणारे साधे माणूस. तरी सभा चालवणारे आम्हीच, म्हणून सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले. आमच्या तोंडी नेहमीची उत्तरे होती: देवाची वेळ वेगळी, देवाचे विचार उंच. ती खरीच आहेत. पण त्या माउलीच्या तोंडाकडे पाहून ती उच्चारण्याचे धैर्य झाले नाही. तेवढ्यात आतून चहा आला आणि आम्ही सुटलो. असे सुटणे बरे नव्हे, हे मनाला लागून राहिले.

त्यानंतर काही आठवडे आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचत होतो. बाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्यांच्याविषयी अशा मासिकांतून इतके लिहून आले आहे, की वाचक पान उलटतील अशी भीती वाटते. पण बहुतेक लेखांत बाई म्हणजे प्रार्थना केली आणि मिळाले अशा एकामागून एक घटनांची माळ असते. आम्हाला या वेळी त्या माळेतले निसटलेले मणी दिसले.

आम्हा कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसांना बाई आपल्या वाटाव्यात याला कारण आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. तुंगा आणि भद्रा या नद्या जेथे उगम पावतात ते हे ठिकाण. वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे कारकळाकडच्या माळ गावचे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे मोठे पंडित. तरुणपणी पुण्याला गुरूंकडे शिकत असता पेशव्यांच्या घरातील बाईला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले आणि आपल्याही पत्नीला शिकवावे असे मनात धरले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर, वयाची चाळिशी उलटल्यावर, यात्रेत गोदावरीकाठी एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई. शास्त्रीबुवा तिला शिकवू लागले तसा गावात गिल्ला झाला. उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधारे तो दिला, पण गावात राहणे नकोसे होऊन ते रानात जाऊन राहिले. तेथे वाघाच्या डरकाळ्या ऐकत लक्ष्मीबाई संस्कृत शिकल्या.

रानातल्या त्या आश्रमात येणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालता घालता शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब बाहेर पडले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून मजुराच्या डोक्यावर दिली आणि यात्रा सुरू झाली. ती पुढे पंधरासोळा वर्षे संपली नाही. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे, पुढचे क्षेत्र गाठायचे. आई पहाटे उठवून मुलीला संस्कृत पाठ करून घेई. भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीने मुखोद्गत केले. वाटेत मराठीबरोबर कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगालीही जिभेवर बसली.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात हे कुटुंब उपाशी फिरत होते. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? अंगमेहनत कधी केली नव्हती, भीक मागण्याची लाज वाटे. जवळचे दागिने, भांडी, कपडे विकून झाले. देवांपुढे ब्राह्मणभोजने घालून झाली, अनुष्ठाने झाली, कोणत्याही देवाने हाक ऐकली नाही. शेवटी अकरा दिवस व रात्री तिरुपतीकडच्या रानात झाडपाल्यावर आणि पाण्यावर काढल्या. वडिलांनी पवित्र कुंडात देह टाकण्याचे ठरवले होते. मुलगा श्रीनिवास म्हणाला की आपण मजुरी करू, पण असे करू नका. शास्त्रीबुवा त्याच वर्षी गेले. काही दिवसांनी आईने अंथरूण धरले. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला गेली आणि तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या बाईने भाकरी दिली. रमाने ती आईपुढे नेली, पण आईला ती खाण्याचीही शक्ती उरली नव्हती. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना. मुलगी उंचीने कमी, म्हणून तिने तो दांडा डोक्यावर घेऊन आईला पोहोचवले. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

वाचकहो, या प्रसंगावर आम्ही मुद्दाम थांबलो. मुक्ती मिशनची इमारत, छापखाना, शेकडो मुली हे सर्व पाहण्याआधी दांडा डोक्यावर घेतलेली ही पोर पाहिली पाहिजे. बाई पुढे ज्या दुष्काळग्रस्त मुलींना उचलून आणणार होत्या, त्यांच्यातलीच ती एक होती. तिला मात्र उचलून न्यायला कोणी आले नव्हते.

दोघे भावंडे चालत राहिली. उत्तरेकडे पंजाब, काश्मीर, पुन्हा खाली बंगाल. हजारो मैल पायी. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नसल्याने वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून ती झोपली. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्यावर तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. जिला चार वर्षांपूर्वी भाकरी मागता आली नाही ती सभांतून संस्कृतात बोलू लागली. पण १८८० च्या मे महिन्यात ढाक्यास श्रीनिवासही आजारी पडून गेला. मरणापूर्वी त्याला एकच घोर होता: या अविवाहित बहिणीचे कसे होणार. तिने त्याला सांगितले की आपली काळजी घेणारा देवावाचून कोणी नाही. त्यावर तो म्हणाला की देव काळजी घेत असेल तर मग भय नाही.

कोणता देव, हे तोवर त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. जुन्या देवांवरचा विश्वास उडाला होता, नवा अजून मिळाला नव्हता. आमच्या मते रमाबाईंच्या विश्वासाची कहाणी इथून सुरू होते, बाप्तिस्म्यापासून नव्हे. हे मत काही धर्मबंधूंना पटणार नाही. त्यांनी खुशाल वाद घालावा.

पुढील घटना भराभर सांगतो. जून १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पती त्यांच्या जातीचे नव्हते, म्हणून उरलेसुरले आप्तही तुटले. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले आणि एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या उत्पत्तीचे पुस्तक समजून घेऊ लागल्या. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीला पटकीने नेले. संसार पुरते दोन वर्षेही झाला नव्हता. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी डॉक्टर बायका हव्यात अशी साक्ष दिली. स्वतःच डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे वॉन्टेज येथील भगिनीसंघाच्या घरी राहून २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आणि डॉक्टर होण्याची आशा? ती तेथेच संपली. त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, वैद्यकीचे शिक्षण घेणे शक्य नव्हते. ज्या एका हेतूने समुद्र ओलांडला तो हेतू हातून गेला. बहिरेपण पुढे वाढतच गेले. हे दार उघडावे म्हणून त्यांनी प्रार्थना केली नसेल असे कसे म्हणावे?

बाई कोणाच्या हातातली बाहुली कधीच नव्हत्या. वॉन्टेजच्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजातील मिस बील यांच्याशी पत्रांतून त्यांनी सिद्धान्तांवर खडाजंगी वाद घातले. शाकाहार आणि देशी पेहराव शेवटपर्यंत सोडला नाही, आणि पुढेही कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत त्या पुरत्या मावल्या नाहीत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहण्यासाठी त्या अमेरिकेत पोहोचल्या. स्वतःला न मिळालेली पदवी आपल्या नात्यातल्या दुसरीला मिळताना त्यांनी पाहिली आणि आनंद मानला. अमेरिकेत व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले.

शारदा सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण बाई पहाटे दार उघडे ठेवून मुलीसह प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी मुली काढून नेल्या. त्या गृहस्थांची बाजूही आपण समजून घ्यावी. त्यांना तटस्थ शाळेचे वचन मिळाले आहे असे वाटत होते, आणि वचन मोडले असे मनापासून वाटले. याच वर्षी सदनातील गोदूबाई धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, आनंदीबाई कर्वे म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. म्हणजे सदनाचे पीक नुसते मंडळीच्या कोठारात गेले नाही.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे बाईंना एक उणीव जाणवत होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना वाटे. १८९१ च्या सुमारास त्या स्वतःला पुरत्या प्रभूच्या हाती देऊन मोकळ्या झाल्या. याच काळात जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांचे मिशन आणि जॉन पेटन यांच्याविषयीची पुस्तके त्यांनी वाचली. माणसांपुढे हात न पसरता देवाजवळ मागणारे हे लोक. आपल्या देशात असे कोणाला करता येईल का, हा विचार मनात घर करून राहिला.

आता शीर्षकातल्या गणिताकडे येतो. १८९६ च्या उन्हाळ्यात लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला होता. बाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. त्या पंधराजणींनी प्रभूचा स्वीकार केला होता. एका पहाटे रानात एकट्या प्रार्थना करताना त्यांच्या मनात आले की पुढच्या मेळाव्यापर्यंत हा आकडा वर्गाने वाढावा. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. मागून झाल्यावर त्याच चपापल्या. पुण्याच्या घरात तेवढ्या मुलींना जागा नव्हती, पैसा नव्हता, आणि १८९३ च्या गदारोळानंतर इतक्या मुली कोण पाठवणार? शास्त्र उघडले तो यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय. शत्रूने वेढलेल्या शहरात, बंदीशाळेत असताना संदेष्टा अनाथोथचे शेत विकत घेतो. रोख रुपे तोलून देतो, खत करतो, साक्षीदार बोलावतो, कागद मडक्यात ठेवायला सांगतो. शहर चार दिवसांत पडणार हे त्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. तेथेच परमेश्वर विचारतो की माझ्या हातून होणार नाही असे काही आहे काय. बाईंनी तो आपल्याला प्रश्न समजला, आणि आकडा लिहून ठेवला.

त्याच वर्षी पाऊस गेला. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. बाईंच्या कानावर बातम्या आल्या तेव्हा पहिली ओढ घरीच राहण्याची झाली असेल, कारण हाती पैसा नव्हता. पण बावीस वर्षांपूर्वीचे रान डोळ्यांपुढे आले. त्या मध्य प्रांतात गेल्या, सरकारी मदतछावण्या पाहिल्या, अन्नासाठी मुलींचा सौदा करणारी माणसे पाहिली आणि मुली गोळा करू लागल्या. हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, अन्नासाठी एकमेकींना ओरबाडणाऱ्या. पुण्यात १८९७ मध्ये प्लेग आणि त्याचे कडक नियम. तेथे इतक्या जणींना ठेवता येईना. दोन-तीन वर्षांपूर्वी केडगावला फळबागेसाठी शंभर एकरांच्या आसपास माळरान घेऊन ठेवले होते. संत्र्यांची झाडे लावून त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालवावी एवढाच तेव्हा हिशेब होता. तेथे तंबू ठोकले, झोपड्या घातल्या. हेच मुक्ती सदन. पुढच्या मेळाव्यापर्यंत मुली तीनशेच्या घरात गेल्या आणि पंधराचा वर्ग पुरा झाला.

ही गोष्ट व्यासपीठावरून सांगायला फार सोयीची. आम्हीही दोनदा सांगितली आहे, आणि दोन्ही वेळा सभेने मान डोलावली. पण या खेपेला वाचताना आमचा घास अडकला. प्रार्थनेचे उत्तर आले ते दुष्काळाच्या वाटेने. म्हणजे काय, एका बाईचा आकडा भरावा म्हणून देवाने मध्य प्रांत उपाशी मारला? असे म्हणणे देवाची निंदा होईल, आणि बाई कधीही तसे म्हणाल्या नाहीत. आकडा ही त्यांची मागणी होती. दुष्काळ समोर आला तेव्हा त्यांनी आकडा बाजूला ठेवला आणि समोरची मुलगी उचलली. कित्येक मुली इतक्या खंगून आल्या होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. प्लेगच्या धामधुमीत इस्पितळात नेलेली त्यांची एक मुलगी पुन्हा परत आली नाही. बाईंनी त्यावर मुंबईच्या वर्तमानपत्रात सरकारी कारभारावर उघड टीका केली. राज्यपालांनी आरोप नाकारला म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. दोनशे पंचवीस मिळाल्या म्हणून त्या एकीचा हिशेब त्यांनी सोडून दिला नाही. आम्हाला वाटते, विश्वासाचे लक्षण हेही आहे. ज्याला देव ऐकतो अशी खात्री असते, तोच हरवलेल्याबद्दल तक्रार करीत राहतो. स्तोत्रसंहितेत अशा तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत.

१८९८ मध्ये बोस्टनच्या मंडळींची दहा वर्षांची मुदत संपली. नवी मंडळी उभी राहिली, पण मुक्तीचा मोठा खर्च यापुढे बांधील देणग्यांवर नव्हे तर न मागता येणाऱ्या पैशावर चालू लागला. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेथूनही शेकडो मुली आल्या. केडगावच्या त्या माळावर आता सुमारे एकोणीसशे माणसे जेवत होती. एका टंचाईच्या वर्षी विहिरींचे पाणी रोज संध्याकाळी तळाला जाई आणि सकाळी पुन्हा भरे, असे बाईंनी कृतज्ञतेने सांगून ठेवले आहे. ज्यांनी हुबळीत नळाची वाट पाहत घागरी मांडून ठेवल्या आहेत, त्यांना एकोणीसशे माणसांचे पाणी म्हणजे काय हे फोडून सांगायला नको.

मुली नुसत्या प्रार्थना करीत बसल्या नव्हत्या. शेती, विणकाम, घाणा, दूधदुभते, स्वयंपाक, शिक्षकी, छापखाना सगळे त्याच चालवीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीतिसदन, आंधळ्यांसाठी वेगळी शिकवणी. १९०५ च्या जूनमध्ये तेथे संजीवन झाले. रात्रंदिवस रडणे, पापकबुली, गीते. त्याविषयी आपल्या मंडळ्यांत अजून दोन मते आहेत आणि या लेखात आम्ही त्यात शिरत नाही. एवढे मात्र खरे की संजीवनानंतरही दळण, धुणे आणि शाळा वेळेवर होत होती.

याच सुमारास बाईंनी आणखी एक अशक्य काम हाती घेतले. त्यांच्या मुली बहुतेक खेड्यांतल्या. मराठी पवित्र शास्त्राची त्या वेळची भाषा त्यांना जड वाटे. साध्या बायकांना वाचता येईल असे शास्त्र हवे. वय पन्नाशीकडे झुकलेले, कानांनी जवळजवळ साथ सोडलेली, डोक्यावर शेकडोंचा संसार. अशा वेळी त्या इब्री व ग्रीक शिकायला बसल्या. मराठीतून इब्री भाषेचे व्याकरणही त्यांनी तयार केले. जी भाषा कानांनी ऐकायची सोय नव्हती ती डोळ्यांनी शिकल्या. आम्ही पदविकेच्या वर्गात ग्रीकची एक वर्षाची परीक्षा कशीबशी उतरलो होतो. त्यामुळे हे वाचताना मान खाली गेली. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे भाषांतर चालले. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पाने बांधणाऱ्या मुक्तीच्याच मुली, आणि त्यांतल्या कित्येक दुष्काळातून उचललेल्या.

मनोरमा आता मोठी झाली होती. इंग्लंड-अमेरिकेत शिकून, मुंबई विद्यापीठाची बी.ए. होऊन ती आईच्या हाताखाली कामाला लागली. गुलबर्ग्यासारख्या मागासलेल्या भागात १९१२ च्या सुमारास ख्रिस्ती शाळा निघाली तिचाही भार तिने उचलला. आपल्यामागे हीच सर्व सांभाळणार, असे बाईंनी धरून चालले होते आणि सर्वांनीही. कलकत्त्यापासूनचे आप्त एकामागून एक गेल्यावर हीच एक उरली होती. १९१९ मध्ये सरकारने बाईंना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. दोन वर्षांनी, २४ जुलै १९२१ रोजी, चाळीस वर्षांची मनोरमा वारली.

केडगावला त्या दिवसांत किती प्रार्थना झाल्या असतील! शेकडो बायकांचे गुडघे जमिनीला लागलेले, ज्यांच्या प्रार्थनेने विहिरी भरल्या असे त्या स्वतः मानीत. पंधराचा वर्ग मिळाला, एकोणीसशे जणींची भाकरी मिळाली, आणि एक मुलगी मिळाली नाही. चरित्रकार या पानावर बहुधा एक परिच्छेद लिहून पुढे जातात. आम्हीही फार लिहू शकत नाही. त्रेसष्ट वर्षांच्या त्या आईने यापुढे काय केले एवढे सांगतो. तिने भाषांतराची मुद्रिते पुढे ओढली.

शेवटचे महिने त्या थकल्या होत्या. मुक्तीत असे सांगत आले आहेत की शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत दिवस मिळावेत, एवढे त्यांनी देवाजवळ मागितले आणि तेवढेच मिळाले. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. भाषांतर करणारीने बांधलेली प्रत हातात घेतली नाही.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने राज्ये जिंकणाऱ्यांची नावे येतात, आणि त्याच वाक्याच्या ओघात करवतीने चिरले गेलेल्यांचीही. पहिल्यांचा विश्वास मोठा आणि दुसऱ्यांचा लहान असे तेथे कोठेही सुचवलेले नाही. पुष्कळ वर्षे आम्ही तो अध्याय निम्माच वाचत होतो असे आता ध्यानात येते.

हे सर्व आम्ही पुढच्या एका गुरुवारी वाचून दाखवले. त्या भगिनी आल्या होत्या. मनोरमेच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. प्रार्थना झाल्यावर त्यांनी प्रथमच साक्ष दिली. मुलगा लहानपणी कसा होता, कोणते गीत त्याला आवडे, शेवटच्या रात्री त्याने पाणी मागितले आणि मग आईलाही थोडे प्यायला सांगितले, एवढेच. मिळाले किंवा मिळाले नाही याचा शब्द त्यांत नव्हता. कोणी आमेन म्हणायला विसरले नाही.

जाताना दारात त्यांनी विचारले की केडगाव किती लांब. हुबळीहून गदग, विजापूर, सोलापूरवरून पुण्याकडे जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगावावरूनच जाते, असे आम्ही सांगितले. मुक्ती मिशनचे काम तेथे अजून चालू आहे. दिवाळीनंतर चार-पाच कुटुंबांनी मिळून जावे असे ठरले आहे. आरक्षणाचे काम आमच्याकडे दिले आहे.